पाठमोरी खुर्ची

(डिसेंबरअखेरची दुपार. स्टेडियमच्या आत खेचरे आणि बगळे, एकाच राज्यातील दोन विद्यापीठांचे संघ, ‘भुईमूग बोल’ या चषकासाठी अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळत आहेत. बाहेर वाहनतळावर, एका ट्रकमागे पेटवलेल्या शेगडीपाशी, निवृत्त लॅटिन शिक्षक थर्मन बोटराइट स्टेडियमकडे पाठ करून खुर्चीत बसले आहेत. त्यांचा जुना विद्यार्थी, गावचा न्हावी वेंडेल प्रूट, एका कानात रेडिओ घालून पहारा देत आहे. थर्मन यांच्या पत्नी अर्लीन आत आहेत. त्या फोनवरून बोलतात; त्यांचा आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

वेंडेल : पाठ फिरवा, मास्तर.

थर्मन : फिरवलेलीच आहे.

वेंडेल : पाठ फिरवलीत, मान नाही. डाव्या डोळ्यानं बघत होता तुम्ही. भिंतीवरनं त्या मोठ्या पडद्याचा कोपरा दिसतोय तिकडं.

थर्मन : मी ढग पाहत होतो, वेंडेल.

वेंडेल : ढग इकडं पण आहेत. हे बघा, चांगले गलेलठ्ठ. नाहीतर शेगडीवरच्या बरगड्या तरी पलटा, करपायला लागल्यात.

थर्मन : एकतीस वर्षे मी या व्रताचे पालन करतो आहे. एका ढगापायी ते भंगणार नाही.

वेंडेल : व्रत कसलं आलंय! तुमची नजर वाईट आहे, एवढंच. अकरा वेळा प्रेक्षकांत जाऊन बसलात, अकरा वेळा आपली खेचरं हरली. पहिल्यांदा आलात तेव्हा आपण वीस गुणांनी पुढं होतो. तुम्ही बसलात, टोपी काढलीत, एक शेंग सोललीत, आणि आपला गडी कुणी हात न लावता तोंडावर आपटला. मी होतो शेजारी.

थर्मन : त्या दिवशी पाऊस पडला होता. मैदान निसरडे होते.

वेंडेल : बगळ्यांना नव्हतं ते निसरडं! तुम्ही सामना बघायचा नाही, असा चर्चमध्ये उगाच नाही ठराव झाला. हात वर करून.

थर्मन : स्मरते मला. पहिला हात माझ्या पत्नीचा होता.

वेंडेल : थांबा. थांबा, थांबा… ऐकलीत? घंटा! खेचराच्या गळ्यातली घंटा! तिसरा टचडाउन! चोवीस-शून्य, मास्तर!

थर्मन : उत्तम. आणि बगळ्यांकडून?

वेंडेल : भोपळा.

थर्मन : अजूनही?

वेंडेल : अजूनही! शेवटचा डाव चालू झाला तरी एकदासुद्धा सीमेपलीकडं पोचले नाहीत. आज रात्री माझा मेहुणा कपाळाला हात लावून बसणार. पैज आहे आमची. तो हरला तर त्याच्या नावेवर वर्षभर खेचराचा झेंडा. मी हरलो तर माझ्या दुकानावर बगळ्याचा… आवाज का पडला तुमचा?

थर्मन : घसा कोरडा झाला असेल. चहा दे.

वेंडेल : चहा कधीचा संपला. आणि हा घसा नव्हे. पस्तीस वर्षं मी माणसांच्या गळ्यापाशी वस्तरा धरतोय. आवंढा कशाचा आणि कोरड कशाची, कळतं मला. फोन वाजतोय तुमचा. उचला, बाई असतील.

अर्लीन : थर्मन, हातमोजे ट्रकातच राहिले माझे. बोटं गळून पडायची वेळ आलीय. तू पाहत नाहीस ना?

थर्मन : नाही.

अर्लीन : वेंडेल, खरं सांग.

वेंडेल : ढग बघत होते, बाई. मी बंद केलं ते.

थर्मन : टलूला कोठे बसली आहे?

अर्लीन : समोरच आहे तुझी नात. बगळ्यांच्या बँडात, तिसऱ्या ओळीत. ट्रंपेट मांडीवर घेऊन बसलीय, मांजर घेऊन बसावं तशी.

थर्मन : मध्यंतरात वाजवले ना तिने?

अर्लीन : वाजवलं की, दोनशे पोरांच्या गर्दीत. कोणता सूर तिचा आणि कोणता शेजारच्या जाड्याचा, मला मेलीला कळलं नाही. एकटीनं वाजवायचं ते राहिलंच. बगळ्यांचा टचडाउन झाला की आधी तिनं एकटीनं उभं राहायचं, सात सूर वाजवायचे, आणि मग बाकीच्यांनी गाणं उचलायचं. यंदाचा मान तिचा आहे. पण ही खेचरं त्यांना सीमेपर्यंत पोचू देतील तर ना!

वेंडेल : नाहीच देणार!

अर्लीन : तू गप रे. थर्मन, हा तिचा शेवटचा सामना आहे. मे महिन्यात पदवी, जूनपासून इस्पितळात नोकरी. त्यानंतर कुठला बँड? सकाळी मला विचारत होती, आजोबा बाहेरच असतील ना? भिंतीवरून ऐकू जाईल का त्यांना?

थर्मन : असे विचारले तिने?

अर्लीन : मी म्हटलं, चार वर्षांपूर्वी भर जेवणाच्या टेबलावर ते काय म्हणाले ते विसरलीस? ‘बगळ्यांच्या निळ्या कपड्यांत मी तुला पाहणार नाही.’ तर म्हणते कशी, पाहणार नाही म्हणाले होते, आजी, ऐकणार नाही असं नव्हते म्हणाले. ऐकतोयस ना?

थर्मन : ऐकतो आहे.

अर्लीन : बरं, मी ठेवते. बोटांत धग राहिली नाही. ढग पाहू नकोस.

वेंडेल : पोर वकील व्हायची, चुकून नर्स झाली. मास्तर? काय विचार चाललाय? हा चेहरा मी ओळखतो. परीक्षेआधी तुमचा असाच असायचा. तीनदा नापास केलंय या चेहऱ्यानं मला.

थर्मन : वेंडेल, तू माझ्या दृष्टीला वाईट म्हणालास.

वेंडेल : मायेनं म्हणालो.

थर्मन : परंतु जी दृष्टी आमच्या संघाला पाडते, ती समोरच्या संघाला उचलतही असलीच पाहिजे. मी पाहिले, की बगळे सीमेपार जातात. हा तुझाच सिद्धान्त आहे. अकरा वेळा पडताळलेला.

वेंडेल : नाही.

थर्मन : मी अजून काही मागितलेले नाही.

वेंडेल : मागायच्या आधीच नाही! चोवीस-शून्य आहे, मास्तर! चार वर्षांत असा दिवस आला नाही!

थर्मन : एक खेळी. केवळ एक.

वेंडेल : एकावर थांबतंय का तुमचं ते? वीस गुण गिळलेत त्यानं एका बसणीत! वर्षभर त्या निळ्या पाखराखाली मी गावाची डोकी भादरायची? पाद्रीबाबा दुसऱ्या गावी जातील केस कापायला.

थर्मन : ते ट्रंपेट माझे आहे.

वेंडेल : कुठलं? तुम्ही खेचरांच्या बँडात असताना वाजवायचा ते?

थर्मन : तेच. ती नऊ वर्षांची असताना तिच्या हाती दिले. मागच्या ओसरीवर बसवून शिकवले. पहिला सूर निघायला अकरा दिवस लागले. आठव्या दिवशी शेजाऱ्यांचा कुत्रा घर सोडून गेला.

वेंडेल : म्हणजे आपलं ट्रंपेट बगळ्यांचं गाणं वाजवतंय?

थर्मन : पितळेला पक्ष नसतो, वेंडेल. पक्ष माझा होता. चार वर्षे मी तिच्या एकाही सामन्याला गेलो नाही. नोव्हेंबरात हेच दोन संघ तिच्या मैदानावर खेळले. तेव्हाही मी घरी राहून अंगणातली पाने गोळा केली. तिने ध्वनिफीत पाठवली. डबीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज येतो त्यातून. आज ती या भिंतीपलीकडे आहे. मला ऐकायचे आहे, आणि पाहिल्यावाचून मला ऐकू येणार नाही. तू नाही म्हणालास तर मी मान हलवणार नाही. व्रत माझे असले तरी झेंडा तुझ्या दुकानावर लागणार आहे.

वेंडेल : असं बोलून बांधून टाकता तुम्ही माणसाला. लॅटिनमध्ये पण असंच करायचा. साडेपाच मिनिटं राहिलीत. चेंडू बगळ्यांकडंच आहे, पण ऐंशी यार्ड लांब. तिथनं कोण पोचतंय म्हणा… एक खेळी?

थर्मन : एक.

वेंडेल : मी पुरे म्हटलं की मान इकडं?

थर्मन : तत्काळ.

वेंडेल : उठू नका! बसल्या बसल्याच. आजवर बसूनच बघितलंय तुम्ही. उभ्यानं बघितलं तर काय होईल कुणास ठाऊक. पाय उचला. खुर्ची मी फिरवतो… हां. दिसतोय कोपरा?

थर्मन : एक बूट दिसतो आहे.

वेंडेल : कुणाचा?

थर्मन : निळा.

वेंडेल : पळतोय का?

थर्मन : पळतो आहे.

वेंडेल : अजून?

थर्मन : अजून. त्याच्या मागे कोणीही नाही.

वेंडेल : अरे देवा. अरे देवा! रेडिओवाला किंचाळतोय! ऐंशी यार्ड! नुसत्या एका बुटाकडं बघून ऐंशी यार्ड! पुरे, मास्तर, पुरे! मान फिरवा!

थर्मन : फिरवली. आता शांत राहा. टोपी काढ.

वेंडेल : टोपी कशाला…

थर्मन : ऐक.

वेंडेल : सुरू केलं तिनं…

थर्मन : चार. पाच. सहा.

वेंडेल : सातवा लांबवला.

थर्मन : श्वास पुरला तिला. लहानपणी सहाव्यालाच संपायचा.

वेंडेल : डोळ्यांत धूर गेला असेल तुमच्या. रुमाल आहे माझ्याकडं.

थर्मन : वारा तुझ्या बाजूला आहे, वेंडेल. धूर तुझ्याकडे जातो आहे.

वेंडेल : मग मलाच लागतोय तो. फोन घ्या.

अर्लीन : थर्मन! तू पाहिलंस!

थर्मन : मी ऐकले.

अर्लीन : पाहिलंस तू! आपल्या पायांनी ऐंशी यार्ड कुणी धावत नाही! वेंडेल, तू काय करत होतास?

वेंडेल : बरगड्या पलटत होतो, बाई.

थर्मन : ती खाली बसली का?

अर्लीन : नाही. बाकीचे बसले. ही उभीच आहे, ट्रंपेट काखेत धरून. इकडं भिंतीकडे पाहतेय.

थर्मन : तिला निरोप दे. म्हणावे, पोचले.

अर्लीन : एवढंच?

थर्मन : तिला कळेल.

वेंडेल : झालं? पाठ नीट करून बसा. चोवीस-सात. पावणेपाच मिनिटं. घ्या, ही बरगडी खा. करपलीय, पण मऊ आहे आतनं.

थर्मन : आभारी आहे.

वेंडेल : मास्तर.

थर्मन : हं.

वेंडेल : अजून सतरा गुणांनी पुढं आहोत आपण.

थर्मन : मग?

वेंडेल : काही नाही. खुर्ची तशी हलकी आहे, म्हटलं. फिरवायला.