दोनच घास

सेनेगलमधल्या काओलाकच्या दवाखान्यात माझ्या बाकावर दोन सवती बसल्या होत्या. त्यांचा नवरा बिराम आत डॉक्टरांकडे होता.

"कुंबा, खरं सांग. त्याचा माझ्याकडे जेवायचा वार असला, की तू त्याला आधीच खाऊ घालतेस ना? मासळी-भाताच्या दोन घासांत त्याचं पोट भरतं."

"अल्लाशप्पथ, ताई! माझ्याकडेही दोनच घास खातो. मला वाटायचं, तुम्हीच चारून पाठवता. म्हणून त्याला जास्त चव लागावी यासाठी मी मिरची वाढवत गेले."

"मीसुद्धा."

बिराम बाहेर आला.

"वर्षभर जळजळीच्या गोळ्या खाल्ल्या ना, त्यानं पोटातलं आम्लच कमी झालंय म्हणे. अन्न नीट पचत नाही, म्हणून लगेच भरल्यासारखं वाटतं."

"आणि जळजळ कशानं व्हायची?"

"तुम्हा दोघींच्या मिरचीनं. पण एकीला सांगितलं असतं, तर तिनं दुसरीवर ढकललं असतं."

"ऊठ, कुंबा. आज एकच चूल पेटवू. मिरचीला मात्र तू हात लावायचा नाहीस."

"तुम्हीही नाही, ताई."