दहा दिवसांचा निरोप

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंचा नंबर काही केल्या लागेना. शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या, आणि लेकीची नजर मोबाइलवरून हटत नव्हती.

“अगं, किती वेळा बघशील त्यात?”

“आई, आमचं यंत्र वर यायला हवं होतं. दर दहा दिवसांनी ते समुद्राच्या पोटातून वर येतं, पाणी किती गार, किती खारट ते कळवतं आणि पुन्हा बुडी मारतं.”

“पाणी आपलं वाहतंय. तुम्ही कशाला त्याच्या मागे?”

“वाहतंय म्हणून तर सगळं चाललंय! गरम पाणी वरून थंड मुलखाकडे जातं, तिथे गार आणि जड होऊन बुडतं, तळातून माघारी फिरतं. ते मंदावलं तर कुठे गारठा पडेल, कुठे पावसाची बोंब होईल.”

“बुडालेलं पुन्हा वर येतं?”

“येतं गं. शेकडो वर्षांनी.”

“त्यापेक्षा तुझं यंत्र बरं. दहा दिवसांनी निरोप तरी देतं.”

“तेच तर! दोन दिवस झाले, त्याचा पत्ता नाही. जिवाला नुसता घोर लागलाय.”

“लागतोच घोर.”

शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

“आजी, चला. ऑपरेशनला सोबत कोण आहे?” नर्सने दारातून विचारलं.

लेकीने मान वर केली नाही.

“कुणी नाही,” आई उठत म्हणाली. “मुलगी समुद्रावर असते.”