पुन्हा दहा सेकंद

नाही नाही ताई, हसायचं नाही — पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही, अर्जासकट परत पाठवतात. हनुवटी जराशी खाली — एवढी नाही — हां, बस्स. केस मागे घ्या उजवीकडचे, कान दिसायला हवेत. छान. आता हलू नका. एकच सेकंद... हां, झालं. नाही, फोटो नाही झाला, हे माझं झालं, मोबाईलवर. तुम्ही तिकडे बघू नका, कॅमेऱ्यात बघा. कॅमेऱ्याच्या स्टँडला मोबाईल बांधलाय म्हणून जरा विचित्र दिसतं, पण सोयीचं पडतं हो — उजवा हात इकडे, डावा तिकडे. काही नाही, लिलाव चाललाय. ऑनलाइन. कॅमेऱ्याचाच. म्हणजे धंद्याचंच काम आहे, मी काही गेम खेळत नाहीये.

तुम्ही नाही कधी घेतलंत तसलं? बरंय. नाही, वाईट नाही, सोपं आहे अगदी. हे बघा — बघू नका, ऐका नुसतं. वस्तूची किंमत सुरू होते शून्यापासून. कुणी बोली लावली की किंमत एका पैशानं वाढते — एकाच! — आणि घड्याळ पुन्हा दहा सेकंदांवर येतं. दहा, नऊ, आठ... शून्य होईपर्यंत दुसरं कुणी आलं नाही तर शेवटची बोली ज्याची, वस्तू त्याची. एवढा मोठा कॅमेरा चहाच्या भावात. आता बोली म्हणजे फुकट नाही — आधी विकत घेऊन ठेवायच्या, मग एकेक लावायची. लावलेली परत मिळत नाही. वस्तू मिळो न मिळो, बोली गेली ती गेली. पण त्यात काय, बसमध्ये बसायला नाही का तिकीट लागत? — थांबा. निवांत आला. निवांत हे नाव आहे हो त्याचं, तिथं सगळ्यांची खोटी नावं असतात. हा बाबा दर लिलावात असतो, आज दुपारपासून मागं लागलाय. मी लावली की एक सेकंद उरलेला असताना येतो. जेवत नाही, झोपत नाही. बायको म्हणते तो माणूसच नाही, लिलाववाल्यांचंच मशीन आहे, तुमच्यासारख्यांना झुलवत ठेवायला. म्हटलं तुला काय कळतंय त्यातलं.

तसं तिला कळतं. ती हुशार आहे, दुकानाचा हिशेब तीच बघायची, फोटो साफ करायला कॉम्प्युटरवर तीच बसायची — तुमच्या कपाळावरचा तो डाग तिनं असा काढला असता की तुमच्या आईला कळलं नसतं. ती म्हणते हा जुगार आहे. सरळ जुगार. म्हणते, भाव विचारायचे पैसे घेणारा एक भाजीवाला मला दाखव, मग मी गप्प बसते. पण ताई, तुम्ही सांगा — जुगार मला शिकवायचा का? मी जुगाऱ्याच्या घरात वाढलोय. आमच्या काकांना पत्त्यांचा नाद. काकू त्या क्लबच्या दारात जाऊन उभी राहायची, आत बायकांना जाता येत नव्हतं, बाहेरून हाक मारायची. आणि काका आतून ओरडायचे — एवढा एक डाव, आत्ता उठलो तर आजवर बसलेलं सगळं वाया जाईल! दरवेळी तेच. आम्ही पोरं नक्कल करायचो त्यांची. तर ते होतं नशिबावर, पत्ता कुठला येईल त्यावर. इथं पत्ता नाही, फासा नाही. इथं लागते ती चिकाटी. जो डोळ्यांत तेल घालून बसेल त्याचं. मग तो जुगार कसा? ती मेहनत झाली. — लावली. पुन्हा दहा.

मान सरळ ठेवा ताई. दुखायला लागली का? होईल, होईल आता.

आणि मिळतं हो, मिळत नाही असं नाही. पहिल्यांदा बसलो तेव्हा एक लेन्स मिळाली मला. खरीखुरी, खोक्यात, कागदात गुंडाळलेली. आमची हीसुद्धा नाचली होती तेव्हा — स्टुडिओत, इथं, तुम्ही बसलाय तिथं. म्हणाली, कुणाची दृष्ट नको लागायला. त्यानंतर एक प्रिंटर अगदी हातातोंडाशी आलेला गेला. मग... मग बरंच काय काय गेलं. पण त्या लेन्सचं ती आता नावसुद्धा घेत नाही. लेन्स? विकली ना. बोली संपल्या होत्या. आणि लेन्स गेल्यावर कॅमेरा तरी काय करायचा होता, म्हणून तोही — हा? हा भाड्याचा आहे. रोज सकाळी आणतो, दुकान बंद करताना परत करतो. तोच, अगदी माझाच कॅमेरा, म्हणजे त्याच बनावटीचा, आज लिलावात आलाय! याला योगायोग म्हणायचं की आणखी काय? माझाच मला परत मिळवायचा आहे, दुसऱ्याचं काही ओरबाडत नाहीये मी.

तिकडे कुठं बघताय? अच्छा, ती भिंत. आमची छोटी. दर वाढदिवसाला याच स्टुलावर बसवून फोटो काढतो — हा पहिला, मांडीवरचा. मग ही उशीवर बसवलेली. इथं दात पडलेत. इथं रुसलीय, फुगा फुटला होता. तो रिकामा खिळा यंदाचा. नाही, काढला नाही अजून. काढायचा राहिला. म्हणजे बसली होती ती. नवा फ्रॉक, दोन वेण्या, आईनं अगदी मन लावून घातलेल्या. मी म्हटलं, हलू नको हं बाळा — आणि इकडे एक लिलाव अगदी शेवटाला आला होता. दोघंच उरलो होतो. मी म्हणतोय हलू नको, हलू नको, आणि ती नाहीच हलली हो. फोटोग्राफरची पोर ना. तिला शिकवलंय मी, बाबांनी सांगेपर्यंत पापणीसुद्धा लववायची नाही. मध्ये एकदा विचारलं तिनं, ओठ न हलवता, अशी — बाबा, काढला? मी म्हटलं काढतोय. दिव्यांची ही उष्णता, दार बंद... मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील. धप्प असा आवाज झाला. बसल्या बसल्या चक्कर आली तिला. इथं, हनुवटीखाली, टाके पडले. छोटेसेच. डॉक्टर म्हणाले खूण जाईल.

आणि हे बघा, मी लगेच धावलो. लगेच म्हणजे — घड्याळ तीनवर होतं, मी एक बोली लावली आणि मग धावलो. ही नेमकी तेव्हाच दारात उभी. तिनं काय पाहिलं, तर पोरगी खाली पडलीय आणि माझा अंगठा मोबाईलवर. आता पाहणाऱ्याला तसंच दिसणार ना! त्याच पावली पोरीला घेऊन माहेरी गेली.

पाच वाजले का हो? त्या घड्याळात दिसतंय का तुम्हाला? वाजतीलच. पाचला तिचा फोन यायचाय. काल निरोप पाठवला तिनं. म्हणाली, एकदाच फोन करीन, जास्त काही मागत नाही, एवढंच म्हण की हा जुगार आहे आणि मी उठलो. मग छोटीला घेऊन रात्रीच्या आत घरी येते. एवढंच! म्हणजे बघा, मला म्हणायला काही नाही, जीभ काही झिजत नाही. घर खायला उठतं, ताई. काल तिचा कंगवा सापडला बेसिनपाशी, तर तिथंच जमिनीवर बसून रडलो, खोटं कशाला सांगू. पण आज हा कॅमेरा मिळाला तर तिला म्हणता येईल — बघ, आणला की नाही परत? जिंकलेल्या माणसाला कुणी जुगारी म्हणत नाही. हरलेल्यालाच म्हणतात. फक्त पाचच्या आत मिळायला हवा. हा निवांत एकदा, एकदाच, पाणी प्यायला उठला पाहिजे.

वाजला! तिचाच. आलाच बघा बरोबर पाचला, वेळेची पक्की आहे — अरे, पण हा फोन सगळ्या स्क्रीनवर आला! घड्याळ दिसेना! किती होते? सहा होते ना? ताई, सहा होते ना शेवटी? उचलतो, उचलणारच आहे, मी काही राक्षस नाही — पण उचलला तर तिकडे गेलं — दुपारपासून बसलोय हो, आत्ता उठलो तर आजवर बसलेलं सगळं वाया जाईल — कापतो. कापतो आणि लगेच मी करतो. दहा सेकंदांनी काय होतंय. लावली! लागली! पुन्हा दहा.

असं का बघताय माझ्याकडे? काय म्हटलं मी?

... परत वाजतोय. बघा, एकदाच करीन म्हणाली होती आणि परत करतेय, म्हणजे राग नाहीये तेवढा. माया आहे. थांबेल ती. कापला. लावली. आता निवांत येतो का बघू — चार, तीन, दोन... आलाच. मेल्या, तुला घरदार आहे की नाही! — माझी लागत का नाहीये? ताई, लागत का नाहीये? संपल्या. बोली संपल्या. नऊ. ताई, तुमच्या फोटोचे पैसे आत्ताच देता का? मोबाईलवरून टाका, तो काय कोड चिकटवलाय भिंतीवर. आठ. पाया पडतो. सात. काय? काय म्हणालात? फोटो काढलाच नाही? काढतो ना, काढतोय, तुम्ही — पडले! पैसे पडले! देव भलं करो तुमचं. घेतल्या. लावली. पुन्हा दहा.

फोन आता वाजत नाहीये, बरं झालं, स्क्रीन मोकळी राहते. कॅमेरा हातात आला की मीच लावतो तिला. ताई, उठलात कशाला? हलू नका म्हटलं ना... बरं. बरं, जा. जाताना तेवढं दार ओढून घ्या. स्क्रीनवर उजेड येतो.