शनिवारी येऊ का?

(शाळेचा व्हॉलीबॉलचा सामना नुकताच संपलाय. शाळेच्या फाटकाबाहेर उभी असलेली गाडी.)

लेक : दार आपटू नकोस ना, बाबा. सगळे बघतायत.

बाबा : बघू देत. तो पंच डोळ्यांवर पट्टी बांधून आला होता! चेंडू रेघेवर पडला, आंधळ्यालाही दिसला असता.

लेक : बाहेरच पडला होता. मीच मारला होता, मला कळणार नाही?

बाबा : मग तेव्हाच सांगायचंस की!

लेक : तू बोलू दिलंस तर ना. खुर्चीवर चढला होतास.

बाबा : चढलो नव्हतो. एक पाय ठेवला होता फक्त.

लेक : खेळाच्या मॅडमनी तुला दंडाला धरून हॉलच्या बाहेर नेलं. नेमकी माझी सर्व्हिस होती.

बाबा : पाहिली मी ती, दाराच्या काचेतून. मनगट वाकलं तुझं.

लेक : झालं सुरू!

बाबा : बरं बाई, राहिलं.

लेक : मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारी तुला आत घ्यायचं की नाही, ते मी ठरवायचं.

बाबा : म्हणजे माझी शेंडी आता तुझ्या हातात. हे बघ, तोंडाला कुलूप. पंचाला एक अक्षर बोलणार नाही.

लेक : आणि समोरच्या मुलींना?

बाबा : त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. चांगल्या खेळल्या तर हं.

लेक : आणि घरी जाताना माझ्या चुका सांगायच्या नाहीत.

बाबा : एकही नाही?

लेक : एकही नाही.

बाबा : मग आईच्या दारापर्यंत आपण बोलायचं काय?

लेक : म्हणजे?

बाबा : खरंच विचारतोय गं. आठवड्यातून आपली गाठ ती एवढीच. बाकी दिवस मी लिफ्टच्या खड्ड्यात, तारा आणि ग्रीस. बंद पडली की लोक शिव्या घालतात, चालू झाली की बटण दाबून वर निघून जातात. माझ्याशी बोलतंय कोण? शनिवारी तू दिसलीस की आठवड्याचं साठलेलं भसकन बाहेर पडतं.

लेक : मग दुसरं काहीतरी विचार ना मला.

बाबा : विचारतो की. डबा खाल्लास?

लेक : हो.

बाबा : ती तुमची बडबडी कॅप्टन होती ना डब्याला? एकीचा डबा दोघी संपवायच्यात.

लेक : आता नाही बसत आम्ही.

बाबा : भांडलात की काय?

लेक : नाही.

बाबा : मग कुणाबरोबर बसतेस?

लेक : एकटीच. जिन्यात.

बाबा : का गं?

लेक : सहामाहीच्या आधीचा सामना आठवतो? तिच्या हातून चेंडू निसटला, तर तू ओरडलास, ‘हिला कुणी कॅप्टन केलं? माझ्या पोरीला करा!’

बाबा : ते आपलं... खेळाच्या भरात.

लेक : तिचे आईबाबा तुझ्या मागेच बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मुली माझ्याकडे चेंडू देतात, तेवढंच. बोलत नाही कुणी.

बाबा : आणि मला सांगितलं नाहीस इतके दिवस?

लेक : तू दर वेळी मनगटाचंच विचारायचास.

बाबा : मला वाटायचं, मी तुझ्या बाजूने ओरडतोय.

लेक : माहितीय मला.

बाबा : चुकलं माझं, पोरी. तिच्या घरी जाऊन माफी मागू?

लेक : आत्ता नको. तू गेलास की काहीतरी वाढवून येशील.

बाबा : तेही खरंच. मग शनिवारी मी येतच नाही. सांग मॅडमना तसं.

लेक : असं कुठे म्हटलं मी?

बाबा : अगं, माझ्यामुळेच तर झालं सगळं.

लेक : आईला शनिवारी ड्यूटी असते. तूही आला नाहीस तर तिथे माझं कुणीच नसतं, बाबा. ना कोर्टवर, ना खुर्च्यांत.

बाबा : येऊ मग?

लेक : ये.

बाबा : पार मागे बसतो, कोपऱ्यात. कुणाच्या नजरेलाही पडणार नाही.

लेक : नको. मला दिसशील असा बस.