उंदराचा पासवर्ड

दुपारी साडेचार, नाशिकमधलं एक सरकारी कार्यालय. आश्रमशाळांच्या भाजीपुरवठ्याची निविदा पाचला बंद होणार होती आणि पेठच्या बचत गटाच्या सुमनताईंची निविदा सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून मी त्यांना घेऊन आलो होतो.

“उंदरानं केबल कुरतडली हो,” तिथले साहेब मला म्हणाले.

शेजारी इंजिनिअर काळ्या स्क्रीनवर कमांड टाकत होता. तो हळूच म्हणाला, “सर, हा सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन आहे, सॉफ्टवेअरमधलाच संगणक. त्याची केबलही सॉफ्टवेअरमधलीच. साहेबांच्या लॉगिनवरून कमांड देऊन ती तोडलीय.”

“मग जोड ना.”

“त्याला साहेबांचाच पासवर्ड लागतो.”

मी वळून पाहिलं, तर साहेब चहाला गेले होते.

“भाऊ, पाच वाजले का?” सुमनताईंनी विचारलं.

वाजले होते. मुदतीत एकच निविदा आली होती, एका ठेकेदाराची, केबल तुटण्याआधी. उंदराला साहेबांचा पासवर्ड कुणी दिला, हे मी लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.