मधला उजेड

बाबा : नाही, पुन्हा चुकलंय. मधे अंधार आहे.

मुलगी : बाबा, आज हे तिसऱ्यांदा छापून आणलंय. मधे कुठेही अंधार नाहीये.

बाबा : कंपोझिटर बाई, उभा जन्म लेसरच्या किरणांपुढे काढलाय मी. साधा किरण भिंतीवर पडला की ठिपक्याच्या मधे सगळ्यात जास्त उजेड असतो, आणि कडेकडेला तो विरत जातो. तू हे कडं काढून आणलंयस. मधे भोक, भोवती उजेड. ते पुढच्या प्रकरणात आहे.

मुलगी : मी कुठे काढते? कॉम्प्युटरमधला कोड काढतो. तुम्ही दिलेलं सूत्र एका ओळीत लिहायचं, कुठल्या आकड्याला कुठला रंग ते सांगायचं, की पानावर चित्र आपोआप उमटतं. माझा हात लागतच नाही त्याला.

बाबा : मग वाच सूत्र.

मुलगी : ई चा घात उणे दोन आर वर्ग. आर म्हणजे मध्यापासूनचं अंतर. मधोमध आर शून्य, म्हणून उत्तर एक. एक म्हणजे लालभडक, शून्य म्हणजे काळा. रंग तुम्हीच सांगितलेत.

बाबा : त्याला पुढून आर वर्गाने गुणलंयस का?

मुलगी : नाही.

बाबा : नीट बघ. आर वर्गाने गुणलं की मधे शून्य होतं, आणि ठिपक्याचं कडं होतं. तुम्हा छपाईवाल्यांची सवय मला ठाऊक आहे. जुनी फाईल उचलायची आणि इकडेतिकडे चार आकडे बदलायचे.

मुलगी : सवय आहे, नाही म्हणत नाही. पण इथे नाही गुणलेलं.

बाबा : मी एका डोळ्याचा माणूस आहे, आंधळा नाही. समोर दिसतंय मला.

आत्या : चहा आणलाय. भांडण संपलं की प्या, नाहीतर भांडता भांडता प्या. गार झाला म्हणून मला हाक मारायची नाही.

बाबा : ये, बस. तुझ्या भाचीला समजाव जरा.

आत्या : दादा, मला त्या किरणातलं ओ की ठो कळत नाही. मला इतकंच कळतं की हे पुस्तक हाती घेतल्यापासून बापलेकी एका खोलीत गुण्यागोविंदाने बसलेले मी पाहिले नाहीत. कप इकडे आहे, इकडे. तू टेबलाला काय हात लावतोयस?

बाबा : कप कागदाच्या आड होता.

आत्या : कागद त्या टोकाला आहे. बरं, असू दे, हा घे हातात.

मुलगी : बाबा, खरंच सांगते, हे एवढं पान पास करा. प्रकाशकांचा कालही फोन येऊन गेला. मजकूर लागलाय, अनुक्रमणिका लागलीय, अडलंय ते चित्रांपाशी.

बाबा : चित्रांसाठीच तर पुस्तक करतोय मी. मजकूर काय, कुठल्याही पुस्तकात मिळतो. पोरांना सूत्र पाठ असतं, पण किरण पडद्यावर कसा दिसतो विचारलं की आढ्याकडे बघतात. ते त्यांना दिसावं म्हणून हा खटाटोप. आणि त्यातलं पहिलंच चित्र खोटं छापू? शिवाय तुझ्या चौकटी अजून वाकड्या आहेत.

मुलगी : कुठल्या?

बाबा : ठिपक्याच्या मागे आलेखाच्या चौकटी टाकल्यास ना, त्या. मधे आल्या की आत ओढल्यासारख्या वाकतात. महिनाभर हेच सांगतोय.

मुलगी : आणि महिनाभर मी त्यांच्याशीच झटापट करतेय. आधी बारीक केल्या, मग जाड केल्या, मग रंग बदलला, प्रिंटरसुद्धा बदलला.

बाबा : तरी वाकड्याच.

आत्या : ह्याला आजकाल सगळंच वाकडं दिसतं. परवा दाराची चौकट फुगलीय म्हणून सुताराला बोलवायला निघाला होता. पेपरवाल्यालाही बोलून झालं, शाई कमी लावता म्हणून. आता बातम्या मी वाचून दाखवते. माझ्या आवाजात त्या फार रडक्या वाटतात म्हणतो.

मुलगी : पेपर तू वाचतेस? कधीपासून?

आत्या : झाले की बरेच दिवस. तुला वाटतं तितकं आयतं बसून खात नाही मी ह्या घरात.

मुलगी : बाबा, काल तुम्ही एक कागद पसंत केलात. कड्याचा. तो कुठे आहे?

बाबा : खणात. त्यावर 'उत्तम' लिहिलंय मी. ते जमलं तुला. काय सुरेख काळोख आलाय मधे, आणि कडा कशी एकसारखी. तसंच जमतं तर साध्या ठिपक्याला काय होतं तुला?

(मुलगी खणातून कालचा कागद काढते आणि आजच्या कागदाशेजारी ठेवते. 'उत्तम' हा शब्द चित्रावरच चढलेला आहे, अक्षरं एकमेकांत घुसलेली. ती एकदा ह्या कागदाकडे, एकदा त्या कागदाकडे बघते.)

बाबा : काय झालं? फाटला का कागद?

मुलगी : नाही. आत्या, इकडे ये. हे दोन कागद बघ.

आत्या : मी बघून काय करू?

मुलगी : तू बघ तर. ह्यात आणि ह्यात फरक काय?

आत्या : ह्याच्यावर दादाने गिचमीड केलीय. बाकी दोन्ही सारखेच.

मुलगी : मधे काय आहे?

आत्या : मधे लाल आहे. चांगलं निखाऱ्यासारखं.

मुलगी : दोन्हीत?

आत्या : दोन्हीत. का, एकात नसायला हवं होतं?

बाबा : चष्मा लावलायस का तू?

आत्या : नाकावर आहे, दादा. इतक्या वर्षांत एकदा तरी माझं खरं धर.

मुलगी : बाबा, काल मी चूक केली. कड्याच्या पानावर सूत्र बदलायचं राहून गेलं. साधा ठिपकाच छापून आला होता. तोच कागद तुमच्या हातात दिला. आत्ता दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं मला.

बाबा : आणि मी उत्तम लिहिलं.

मुलगी : हो.

बाबा : बघू दे. नाही, राहू दे. आजचाच कागद समोर ठेव. टेबलावर सपाट ठेव आणि हलवू नकोस.

मुलगी : बाबा, आपण आधी...

बाबा : थांब. प्रयोगशाळेत पोरांना काय सांगायचो मी? डाग दिसला की आधी ठरवायचं, डाग कुणाचा आहे ते. पडद्याचा, आरशाचा की भिंगाचा. एकेक वस्तू हलवून बघायची. जिच्याबरोबर डाग हलेल, डाग तिचा. कागद आपण हलवत नाही. मी नजर हलवतो. वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा आहे?

मुलगी : आहे. डाव्या कोपऱ्यात.

बाबा : आता मी आकड्याकडे बघतोय.

आत्या : दादा, चहा तरी पी.

बाबा : गप गं जरा.

मुलगी : बाबा?

बाबा : आकडा गेला.

मुलगी : आणि चित्र?

बाबा : चित्र बाजूला दिसतंय, थोडं पुसट. पण मधे उजेड आहे. बरोबर आलंय तुझं चित्र, बाळ. कडेला विरतंयही छान. मी उगाच बोललो तुला.

आत्या : मला कुणी सांगेल का, काय चाललंय ते?

मुलगी : आत्या, बाबांचा चांगला डोळा.

आत्या : काय झालं त्याला?

बाबा : त्याच्या मधे भोक पडलंय. जिकडे बघेन तिथलं तेवढं जातं, आजूबाजूचं राहतं.

आत्या : अरे देवा. पहिल्या डोळ्याचंही असंच झालं होतं ना रे?

बाबा : तो लेसरने गेला. आरशाचा स्क्रू दिसेना म्हणून गॉगल कपाळावर सरकवला, आणि कशावरून तरी किरण उसळला. दुखलं नाही, काही नाही. पडद्यावर पाहिलं तर ठिपक्याच्या मधे काळं. मला वाटलं, आरसा हलला. दुपारभर आरसा जुळवत बसलो.

आत्या : वहिनी सांगायची. घरी येऊन जेवायला बसलास आणि म्हणालास, दिवा बदलायला हवा, ताटाच्या मधे काही दिसत नाही. ती बिचारी स्टुलावर चढून दिवा बदलत होती.

बाबा : बदलला तिने. नवा दिवा, तरी तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मुलगी : ह्या वेळी मी बदलत होते. रेषा, रंग, प्रिंटर.

बाबा : मी सांगितलं म्हणून.

मुलगी : तेच तर. बाबा, मला माहीत होतं रेषा सरळ आहेत. कोडात दोन टोकं दिली की त्यांच्यामध्ये रेघ सरळच येते, वाकडी यायला जागाच नाही. पण तुमच्याशी वाद नको, म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, म्हणून 'हो बाबा, करते सरळ' म्हणत गेले. एकदा तरी ठणकावून सांगायला हवं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आपल्याला? चौकटी वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या. वयाने डोळ्यातला पडदा बिघडू शकतो म्हणून चौकटींचं कार्डसुद्धा दिलं होतं तुम्हाला, रोज बघायला.

बाबा : कार्ड कपाटात आहे.

मुलगी : बघत नव्हता?

बाबा : तुझे कागद रोज चौकटीचेच येत होते. म्हटलं, वेगळं कार्ड कशाला? तेवढीच सोय.

आत्या : हसतोयस काय, दादा? ह्यात हसण्यासारखं काय आहे?

बाबा : हसू नको तर काय करू? सगळी उपकरणं तपासली, एक सोडून.

आत्या : मी चपला घालते. तू फोन लाव गं त्या डॉक्टरांना.

मुलगी : लावलाय. हॅलो, हो, मी मुलगी बोलतेय. दुसरा डोळा. हो, मधेच. नाही, आज नाही सुरू झालं. महिना झाला. हो, कळतंय मला. निघतोच.

बाबा : काय म्हणाले?

मुलगी : ताबडतोब या म्हणाले.

बाबा : आणि?

मुलगी : तपासल्यावर सांगतील.

बाबा : खरं सांग. आत्ताच म्हणालीस, ठणकावून सांगायला हवं होतं.

मुलगी : महिना फार झाला, म्हणाले. गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. इंजेक्शनं देऊन उरलेलं राखता येतं का बघू.

बाबा : असं. सांगितलंस ते बरं केलंस.

मुलगी : बाबा, चला, उठा. चित्रं राहू देत.

बाबा : उठतो. कड्याचं तेवढं सांग. सूत्र बदललंस?

मुलगी : ह्या घटकेला मला सूत्र सुचणार आहे का?

बाबा : मला सुचतंय ना, मग ऐक. ई च्या आधी आर वर्ग, गुणिले. मग मधे शून्य येईल. रंग तेच ठेव. छापून आलं की मला दाखवायला आणू नकोस.

मुलगी : मग पसंत कोण करणार?

बाबा : तू. आणि आत्याला दाखव. आजच्यापुरती तिच्यासारखी नजर ह्या घरात कुणाची नाही.

आत्या : मला काय, मी मधे लाल की काळं एवढं सांगेन.

बाबा : तेवढंच विचारायचंय. बाकी सूत्र बरोबर असलं की चित्र बरोबर. आता मी काहीही म्हटलं तरी चित्र बदलायचं नाही. कबूल?

मुलगी : तुम्ही परत बघाल चित्रं. पुस्तक छापून आलं की बघाल.

बाबा : बाजूने बघेन. पण कबूल का?

मुलगी : कबूल.

बाबा : रडतेयस का?

मुलगी : नाही.

आत्या : रडतेय, दादा. मी सांगते, मला दिसतंय.

बाबा : रडू दे. माझ्यावर ओरडायचं राहिलं होतं तिचं, ते असं बाहेर येतंय. काठी दे ती, आणि जरा खिडकीपाशी उभी राहा बाळ, उजेडात.

मुलगी : राहिले. पण बाबा, तुम्ही तिकडे कुठे बघताय? माझ्याकडे बघा ना.

बाबा : तुझ्याकडेच बघतोय. म्हणून तर कपाटाकडे तोंड केलंय.