फर्म्यावर चिकटवलेलं चामडं

हॅलो?… थांब ताई, किटली ओरडतेय, गॅस बंद करते… हं, बोल. सकाळपासून खोलीत चिडीचूप होतं, आता किटली आणि तू एकदमच.

…नाही, टॅक्सी नाही बोलावली.

…हो, चारचंच विमान. घड्याळ आहे माझ्याकडे.

…बॅग कपाटावर आहे. रिकामी.

…अगं ऐक ना… ऐक… आधी श्वास घे. मी येत नाहीये. पोरगीही नाही.

…कुणी फूस लावली नाही. फूस लावायला मी काय सोळा वर्षांची आहे?

…हो, दहा दिवस म्हणाले होते मी. आणि खरंच दहा दिवसांसाठीच आले होते, तुझी शप्पथ. पण जिथे काम शिकले त्या गावात सात वर्षांनी आले गं. तो चढ चढले, पोरगी कडेवर, तरी धाप लागली नाही. पुलावरच्या वाऱ्याने पहिल्याच दिवशी छत्री उलटी केली, जुन्या खोडीप्रमाणे. आणि कोपऱ्यावरची पाववाली म्हणते, "केस कापलेस वाटतं." बस्स. जणू मी परवा पाव घेऊन गेले होते.

…जोडे, हो. जोडेच शिवणार. एवढं हळू काय म्हणतेस तो शब्द, शेजारी कुणी आहे का?… तुझ्या लग्नात भाऊजी जे घालून मिरवले ना, ते याच हातांनी शिवले होते. तेव्हा नाही नाक मुरडलंस.

…हात विसरले असतील? मलाही तेच वाटलेलं. पण मास्तरांच्या कारखान्यात गेले ना… हो, तेच, शिकवणारे. तिथे नव्या माणसाला आधी स्वतःच्या पायाचा फर्मा कोरावा लागतो. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल गं, ज्यावर बूट चढवतात. माझा अजून खुंटीला होता. मी म्हटलं, मास्तर, जाळा आता तो, बाळंतपणात पाय वाढला माझा. त्यांनी सरळ चामड्याचे दोन तुकडे कापले, फर्म्याला दोन्हीकडून चिकटवले, कानशीने घासत बसले. मग म्हणाले, "पाय वाढला तर फर्म्याने वाढायचं. टाकायचा कशाला?"

…नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

…सोडलं? कुणी सोडलं नवऱ्याला? बोलावलंय मी, तीनदा. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच्या गावात मी सात वर्षं काढली, त्याने इथे एक वर्ष काढून बघावं… मिळतं, त्याच्या कामाला इथे जागा आहेत. चौकशी केलीय मी. त्याने एकदा तरी विचारलं का?

…काय म्हणाला? हौस फिटली असेल तर ये?… आणि हे तुझ्या तोंडून का? त्याला जीभ आहे ना?

…तिथेच बसलाय? मघापासून?

…मग धर फोन मधे, ऐकू दे. ऐक रे. हौस असती तर चार दिवसांत फिटली असती. सोमवारपासून कारखान्यातलं खिडकीजवळचं बाक माझं आहे. त्यावर मीच बसणार. तू यावंस असं वाटतं, पण तुझी वाट बघत बाक रिकामं ठेवणार नाही.

…

…ताई, तूच का परत? उठला का तो?… बसलाय. बरं.

…ती? ही काय, फरशीवर. काल मास्तरांनी तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, तेव्हापासून सगळ्यांची मापं घेतेय. बाहुलीचं झालं, घरमालकिणीचं झालं. मांजराची चार झाली, चारही वेगळी आलीत.

…काय गं पिल्लू?… हो, मावशी आहे… हो, बाबापण आहे तिथे… काय?

…

ताई, ऐकलंस?… कोरा कागद घेऊन उभी आहे. विचारतेय, बाबाचं माप कधी घ्यायचं.

…

हॅलो?